संत्र्याच्या कॉफीत दोन चमचे दूध

दूध मी घातलं. प्रवासवर्णन गाडीच्या खिडकीपासून सुरू करायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण एवढं आधी सांगून टाकल्याशिवाय मला खिडकीबाहेरचं काही दिसणारच नाही. धारला, परक्या घरातल्या स्वयंपाकघरात, कोणी बघत नसताना मी संत्र्याच्या रसातल्या कॉफीत दोन चमचे दूध घातलं. पुढे जे झालं ते एका चांगल्या मुलीच्या माथी जाऊ दिलं.

माझी बायको म्हणते, तुम्हाला अपराधी वाटायला कारण लागत नाही. रिक्षावाल्याकडे सुटे नसले तरी माफी तुम्हीच मागता. खरं आहे. पण या वेळी कारण होतं आणि माफी मात्र निघत नव्हती. आणखी एक कबुली: एवढं सगळं होऊनही माळव्यातले ते दिवस मी जवळजवळ तरंगतच काढले. का, ते वाचताना कळेलच.

देवास

नाशिकहून निघालो आणि देवासला पोहोचलो. मधल्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं इतकंच की, ज्या घाटाचं सगळे कौतुक करतात त्या घाटात मला झोप लागली.

देवासला माझा मामेभाऊ अरविंददादा राहतो. गणिताचा निवृत्त मास्तर. त्याचे पणजोबा संस्थानात नोकरीला म्हणून आले आणि इथलेच झाले. दादाच्या मराठीत आता इतकी हिंदी मुरली आहे की, तो मराठी बोलतोय हे कधीकधी मलाच त्याला आठवण करून द्यावं लागतं.

"आला का पम्या! वहिनी नाही आली?"

"तिच्या शाळेत परीक्षा आहेत."

"मग उभा काय राहून राहिलाय? चल, पोहे खाऊ."

आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर, फार तर लिंबाची फोड. इथे पोहे वाफेवर ठेवलेले असतात. त्यांच्यावर मूठभर शेव, कच्चा कांदा आणि वरून जिरावण नावाचा आंबट-खारट मसाला भुरभुरतात. शेजारी जिलबी, तीही सकाळी आठ वाजता. मी जिलबी बाजूला ठेवली तर पोहेवाला माझ्याकडे अशा काळजीने बघायला लागला की मी मुकाट्याने खाल्ली. मग आणखी एक खाल्ली.

पण मी आलो होतो ते कॉफीसाठी. दादाच्या सुनेने, मेघनाने, घराच्या पुढच्या गाळ्यात दुकान काढलं होतं. पाटीवर हिंदीत लिहिलेलं: 'बिना दूध की कॉफी'. मला वाटलं, कोरी कॉफी असेल. आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळ घातलेलं गोड दूध. त्यात कॉफी आलीच तर पाहुणी म्हणून. कोरी कॉफी, कोरा चहा हे सगळं दूध संपल्यावर, नाहीतर सुतकात.

मेघनाचं यंत्र विजेवर चालत नाही. टेबलावर उभं राहिलेलं ते छोटंसं धूड दोन्ही हात वर करून शरण आलेल्या माणसासारखं दिसतं. त्यात बारीक दळलेली कॉफी दाबून भरायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि त्याचे दोन्ही हात धरून खाली ओढायचे. खालून मधासारखी दाट, काळी धार येते. हिलाच एस्प्रेसो म्हणतात. ती तिने छोटी वाटी भरेपर्यंत घेतली. मग एका काचेच्या ग्लासात संत्र्याचा ताजा, गार रस घेतला आणि चमच्याच्या पाठीवरून ती कॉफी अलगद सोडली. खाली नारिंगी, वर काळसर तपकिरी, मधे धुरकट रेघ. वर चिमूटभर जिरावण!

"काका, हलवू नका हं. सीधं प्या. पहिले कडू लागेल, मग आंबट, मग तुम्ही हसाल."

"हसेन कशाला?"

"सगळेच हसतात."

मी प्यायलो. कडू लागलं. मग एकदम आंबट, मग गोड, मग जिरावणाची खारट चुणूक, आणि मग मी खरोखरच मोठ्याने हसलो. संत्र्याची साल चुलीवर भाजावी तसा वास नाकात चढला. मेघना शांतपणे म्हणाली, "बघा."

त्यानंतर उसाच्या रसातली प्यायलो. ती तर जुन्या गुळासारखी. मग पेरूच्या रसातली. पेरूला इथे जाम म्हणतात, त्यामुळे "जामची कॉफी" ऐकून मी आधी घाबरलो होतो. तोवर फुटपाथवर मी एका अनोळखी माणसाला विम्याचे फायदे समजावून सांगू लागलो होतो. मी विमा कंपनीत आहे, पण कामाच्या वेळातसुद्धा मी इतक्या उत्साहाने कधी बोललेलो नाही. दादाने येऊन मला दंडाला धरून आत नेलं.

"मेघना, या माणसाला आता पाणी दे. फक्त पाणी!"

दुपारी तिने आपला बेत सांगितला. तिचा नवरा रोहित पीथमपूरच्या कारखान्यात आहे. देवासहून रोजचं जाणं-येणं झेपत नाही, म्हणून तो तिकडेच मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. सुटीला घरी येतो आणि झोपतो.

"काका, लग्नाला तीन वर्षं झाली. नवऱ्याला मी जास्त करून झोपलेलाच पाहिलाय," ती हसत म्हणाली. "झोपेत छान दिसतो, पण कधीतरी बोलायला पण पाहिजे ना."

धारला माई म्हणून एक वृद्ध बाई आहेत, दादाच्या लांबच्या नात्यातल्या. त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी झाली होती. मागे आणखी दोन खोल्या. पुढे दुकान, मागे संसार. धारहून कारखान्याच्या शिफ्टच्या बसेस सुटतात. रोहित रोज घरी येऊ शकला असता. फक्त माईंनी हो म्हणायला हवं होतं, आणि माई भाडेकरूला आधी पारखून घेतात.

"उद्या त्यांना कॉफी करून पाजायची आहे," मेघना म्हणाली. "तुम्ही पण चला. तुम्ही हसलात ना, की त्यांना विश्वास बसेल."

धार

गाडी दादा चालवत होता. मेघनाच्या मांडीवर यंत्र, पायाशी संत्र्यांची पिशवी. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना हरभरा आणि गहू. मी निघतानाच एक संत्र्याची घेतली होती, त्यामुळे सगळं जरा जास्तच हिरवं दिसत होतं.

माईंचं घर साधं, सिमेंटचं, दुमजली. रस्त्याकडच्या खोलीत पूर्वी फोटो स्टुडिओ होता. मागच्या भिंतीवर निळे डोंगर आणि एक पांढरा राजहंस अजून रंगवलेला होता. मेघनाने आल्याआल्या त्याच्यासमोर उभं राहून पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "हा हंस राहू देईन मी."

माई ताठ बसलेल्या. नऊवारी, जाड भिंगाचा चष्मा, शेजारी काठी, आवाज खणखणीत.

"आपण कोणाकडचे?"

मी माझं कूळ सांगितलं. त्यांनी ते तीन पिढ्या मागे नेऊन तपासलं आणि मान्य केलं.

"नाशिकचे? मग तुमच्याकडे द्राक्षं पिळून करत असतील कॉफी!"

"अजून नाही, माई."

"करा. नाहीतर ही पोरगी येऊन करेल." मग त्या मेघनाकडे वळल्या. "सूनबाई, माझी एकच अट. दूध आणि आंबट फळ माझ्या वास्तूत एकत्र यायचं नाही. विरुद्ध आहार तो. माझ्या सासूबाईंनी कधी चालवून घेतला नाही, मीही नाही."

"माई, माझ्या दुकानात दूध येतच नाही. पाटीवरच लिहिलंय."

"मग आवडलीस. आता करून दाखव. एक मोबाइलची कव्हरं विकणारा येऊन गेलाय. त्याला सोमवारी सांगते म्हटलंय. तू बरी निघालीस तर त्याला नको म्हणेन."

यंत्र स्वयंपाकघरात मांडलं. मेघनाने संत्री पिळली, पाणी उकळलं, हात ओढले. बाहेरून माईंचा आवाज आला, "अगं, ते खोलीचं माप घ्यायचं होतं ना? ये, घेऊन टाक." मेघना म्हणाली, "काका, ट्रे घेऊन या ना. मोठा ग्लास माईंचा." आणि गेली.

मी एकटा. ट्रेमध्ये चार ग्लास. माईंचा ग्लास सगळ्यात मोठा आणि वरून सगळ्यात काळा. शेगडीवर दुधाचं पातेलं, वर जाड साय. आणि माझ्या डोक्यात आमच्या आईचा आवाज: "पाहुण्यांच्या हातात कोरा कप देतोस? घरात दूध नाही का?" तो आवाज ऐकत मी लहानाचा मोठा झालो. ऐंशीच्या घरातल्या बाईंना कोरी कॉफी नेऊन द्यायची, हे माझ्या हाताला पटेना. अट मी स्वतःच्या कानांनी ऐकली होती! पण हाताला कान नसतात. मी साय बाजूला सारली, दोन चमचे दूध माईंच्या ग्लासात सोडलं आणि प्रेमाने ढवळलंसुद्धा.

स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत अंतर ते किती! तेवढ्यात ते दूध फाटलं. मी ग्लास माईंच्या हातात दिला तेव्हा वर पांढऱ्या गुठळ्या नाचत होत्या.

माईंनी चष्मा नीट केला. "सूनबाई, यात दूध आहे?"

"नाही माई. थेंबसुद्धा नाही."

"मग हे काय पोहून राहिलंय?"

मेघनाने वाकून पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "संत्र्याचा गर असेल. किंवा... माहीत नाही. पण दूध नाही घातलं मी, सच्ची."

"माझा मोतीबिंदू काढलाय, बाळ. फाटलेलं दूध मला लांबूनही कळतं." माईंनी ग्लास खाली ठेवला. आवाज चढला नाही, उलट उतरला. "दूध पडलं असतं तर मी रागावले असते आणि विसरले असते. पण तोंडावर खोटं बोलणारी भाडेकरू मला नको."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ, उघडलं होतं. पण दादा माझ्याकडे बघत होता, माई बघत होत्या, आणि माझी जीभ टाळूला चिकटली. मी ते तोंड माझ्या ग्लासाला लावलं. कॉफी फार सुंदर झाली होती.

मांडव

गाडीत मेघनाने यंत्र पुन्हा मांडीवर घेतलं. मग दादा म्हणाला, "रडायचं असेल तर मांडवला जाऊन रडू. जागा तरी चांगली आहे." तसंही मेघनाला मांडवची, म्हणजे मांडूच्या किल्ल्यावरची, चिंच घ्यायची होती.

ही चिंच म्हणजे आपली चिंच नव्हे, गोरखचिंच. हत्तीच्या पोटासारखं खोड आणि वर हवेत मुळं फुटल्यासारख्या चार काटक्या. कोणीतरी झाड उलटं पुरलंय असंच वाटतं. फळं दुधी भोपळ्याएवढी, मखमली सालीची. आत पांढरा, कोरडा, खडूसारखा गर. जिभेवर ठेवला की आधी काही नाही, मग एकदम असा आंबटपणा की कान हलतात.

रस्त्याकडेच्या बाईकडून दोन फळं घेतली. मेघनाने गर पाण्यात कालवला, गाळला, थोडा गूळ घातला. थर्मासमध्ये गरम पाणी होतंच. एका जुन्या दगडी कट्ट्यावर तिने यंत्र मांडलं आणि हात ओढले. मी पहिला घोट घेतला. मी काय सांगू! डोक्यात कोणीतरी सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या.

"मेघना, ही... ही तर..." वाक्य अर्धंच टाकून मी कट्ट्यावर चढलो.

"काका, उतरा. गार्ड बघून राहिलाय."

खरगोनकडून बायकांची सहल आली होती. त्यांतली एक पुढे आली. "ओ भिया, ये क्या पिला रहे हो?" आणि मी वेटर झालो. मी ग्लास धुतले, ग्लास दिले, आणि समोरच्या महालाचा इतिहास, जो मला मुळीच माहीत नव्हता, तोही सांगितला. बायका हसत होत्या, मेघना हसत होती, दादा फळं फोडत होता. दुपारचं ऊन आणि खाली निळसर दरी. आयुष्यात इतका हलका मी कधी झालो नव्हतो.

मग एका बाईने सहज विचारलं, "दूधवाली नहीं है क्या?"

"नहीं!" मी ओरडलो. इतक्या जोरात की भिंतीवरची वानरं पळाली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मेघनासुद्धा.

पुन्हा देवास

दुसऱ्या दिवशी मेघना उठली ती तपास करायलाच. फळवाल्याला बोलावून विचारलं, "भिया, संत्र्यांत काय होतं?" तो बिचारा शपथा घेऊ लागला. "दीदी, एकदम ताजा माल था!" तिला पटेना. मग तिने ठरवलं, त्या गुठळ्या पुन्हा पाडून दाखवायच्या. कारण सापडलं की माईंना फोन करता येईल.

ओट्यावर ग्लासांची रांग लागली. आंबट संत्रं, गोड संत्रं, शिळा रस, जास्त गरम पाणी, कमी गरम पाणी. एकाही ग्लासात गुठळी पडेना. आणि फेकायचा कसा म्हणून तो प्रत्येक ग्लास ती माझ्या हातात देई.

"काका, हा प्या. काही वेगळं लागतंय?"

"नाही गं."

"नीट सांगा. तुमची जीभ चांगली आहे."

मी पीत गेलो. गुन्हा शोधणारी गुन्हेगारालाच चव विचारत होती. कान वाजू लागले. हे कॉफीचं की मनाचं, मला वेगळं करता येईना. मी दादाला पंचवीसपर्यंतचे पाढे म्हणून दाखवले. अंगणात फेऱ्या मारल्या. नाशिकला फोन करून बायकोला विनाकारण "तू फार चांगली आहेस" म्हणालो. ती म्हणाली, "काय केलंत?"

शेवटी मेघना थकून खुर्चीत बसली. "काका, मला वाटतं माझ्याच हाताला काही झालंय. रोहितला सांगितलंय मी, खोली गेली म्हणून. तो म्हणाला, जाऊ दे, झोपतो. आणि फोन ठेवला."

तेव्हा ते माझ्या तोंडातून निसटलं. मी उभाच होतो, बसणं शक्यच नव्हतं. मी सगळं सांगितलं: पातेलं, साय, आईचा आवाज, कोरा कप, पाहुणचार, जीभ, टाळू. बोलतच राहिलो. आमच्याकडे कशी पद्धत आहे, मला कसं वाटलं, माझा हेतू किती चांगला होता.

मेघना म्हणाली, "सकाळपासून मी फळवाल्याला चोर म्हणून राहिले." उठली आणि ग्लास धुवायला लागली.

दादा दारातून म्हणाला, "पम्या, लहानपणी पण तू असाच होतास. काच फुटली की सगळ्यात जास्त रडायचास, पण फोडली कोणी ते सांगायचा नाहीस." मग किल्ली उचलून दाखवली. "उद्या सोमवार. पहाटे निघू."

पुन्हा धार

त्या सकाळी मी कॉफी घेतली नाही. निळे डोंगर, राजहंस, माई, सगळं आपापल्या आकाराचं दिसत होतं. मोबाइलवाला अजून यायचा होता.

मी उभ्यानेच सांगितलं. "माई, ते दूध तुमच्या पातेल्यातलं होतं. मी घातलं. हिला माहीतही नव्हतं. मला क्षमा करा."

माईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या! "मला कोरा कप द्यायला लाजलात? अहो, आमच्या ह्यांना दूध पचत नसे. जन्मभर या घरात कोराच चहा झाला." डोळे पुसून त्या मेघनाला म्हणाल्या, "सूनबाई, मी तुला खोटारडी म्हटलं. चुकले बाळ, फार चुकले. जा, कर तुझी कॉफी. या वेळी ट्रे तू आण."

मेघनाने केली. माईंनी हलवली नाही, सरळ प्यायल्या. आधी तोंड वाकडं झालं, मग भुवया वर गेल्या, मग त्या लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या. आणखी अर्धा ग्लास मागितला. तोही संपल्यावर मोबाइलवाल्याला फोन लावून, तो काही बोलायच्या आत, "नको" म्हणून ठेवून दिला. मग खुर्चीतून उठून, काठी विसरून, रोहितचं कपाट मागच्या खोलीत कुठे बसेल ते दाखवू लागल्या. दादा माप घेऊ लागला. सगळेच मोठ्याने बोलत होते. मीही.

"तुम्ही थांबा," माई एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या. "माझी क्षमा मागितलीत. माझं काय, एक ग्लास वाया गेला. हिची मागितलीत?"

मी म्हणालो, "हिला कालच सगळं सांगितलं."

"सांगितलंत. मागितलीत का?"

मी मेघनाकडे पाहिलं. ती टेपचं टोक धरून भिंतीशी उभी होती. काल मी तिला माझ्या आईबद्दल सांगितलं होतं, आमच्या पद्धतींबद्दल सांगितलं होतं, माझ्या हेतूबद्दल तर फारच सांगितलं होतं. तो एक शब्द मात्र त्यात कुठेच नव्हता. सासऱ्याच्या नात्यातल्या माणसाने सुनेची माफी मागावी, हे आमच्या घरात मी कधी पाहिलेलं नाही.

"काका, राहू द्या ना," ती म्हणाली. "झालं सगळं ठीक."

"नाही," मी म्हणालो. "मेघना, तू खरं बोलत होतीस, आणि ते मला माहीत असून मी गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ कर."